लाकडी फाटकाची कडी: मांद्रे आणि सावईवेरे, चार पावसाळे

आमच्या गोव्यातल्या मांद्र्याच्या घराच्या परसबागेला २०२१ च्या दिवाळीनंतर सागवानी फळ्यांचे नवे फाटक बसवले, त्याला आता चार पावसाळे होऊन गेले. एवढ्या काळात फाटक तेच राहिले, बिजागऱ्याही त्याच राहिल्या; कड्या मात्र पाच झाल्या. माहेरी सावईवेऱ्याला दादाच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, तोंडाशी जवळजवळ तसेच, पण ऐनाच्या लाकडाचे फाटक आहे, आणि मी इथे आणलेल्या कड्यांपैकी काही त्यानेही, कधी हौसेने तर कधी माझ्या आग्रहाखातर, तिथे लावून पाहिल्या. आमचे घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, तर दादाचे कुळागर डोंगराच्या कुशीत, पोफळींच्या सावलीत. त्यामुळे एकच वस्तू खाऱ्या वाऱ्यात कशी वागते आणि नुसत्या ओलीत कशी वागते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे तसे पाहायला मिळाले.

निकाल आधीच सांगून टाकते. समुद्राजवळच्या फाटकासाठी ओतीव पितळेची, वरून खाली पडणाऱ्या पट्टीची कडी घ्यावी आणि ती पितळेच्याच बोल्टांनी आरपार बसवावी. आत डोंगराकडच्या फाटकाला एवढा खर्च नको. तिथे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली लोखंडी कडी, जिला दुकानात ‘हॉट डिप’ म्हणतात, ती पुरते. आडवा सरकणारा आल्ड्रॉप मात्र, मग तो कितीही चांगल्या स्टीलचा असो, लाकडी फाटकावर मी पुन्हा लावणार नाही. त्याचे कारण धातूत नाही, लाकडात आहे, आणि ते मला कळायला चौथी कडी यावी लागली.

पहिली कडी ऑनलाइन मागवली होती. काळ्या पावडर कोटिंगची, लोखंडी, बाहेरून अंगठ्याने पान दाबले की आतली पट्टी उचलली जाणारी. रचना म्हणून ती मला अजूनही आवडते, कारण दोन्ही बाजूंनी एका हाताने उघडते. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर एका हाताने सायकल धरून दुसऱ्या हाताने फाटक ढकलतो, त्याला कडीशी झटापट करायला लावणे बरे नव्हे. पण पावडर कोटिंग हा रंगाचाच जाडसर थर असतो, आणि जिथे धातूवर धातू घासतो तिथे तो पहिल्याच महिन्यात जातो. आमच्याकडे मार्चमध्ये अंगठ्याच्या पानाखाली, ते जिथे भोकातून आत शिरते त्या कडेला, तांबूस रेघ दिसली. जूनमध्ये त्या रेघेपासून कोटिंग फुगून पापुद्र्यासारखे सुटू लागले आणि ऑगस्टमध्ये पान दाबले की ते दाबलेलेच राहू लागले. सागवानावर कडीच्या खाली वीतभर काळपट ओघळ उतरला, तो आजही आहे. लाकडातले कषाय द्रव्य आणि ओले लोखंड एकत्र आले की असा निळसर काळा डाग पडतो आणि घासून जात नाही. हीच कडी सावईवेऱ्याला तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत चालली; दादाने मधे एकदा घासून रंग लावला एवढेच. तेव्हा या वस्तूला सरसकट वाईट म्हणता येणार नाही, ती किनाऱ्यासाठी नव्हती इतकेच. मात्र विक्रीच्या पानावर ‘सर्व हवामानांसाठी’ असे लिहिलेले होते, हे नोंदवून ठेवते.

दुसरी कडी म्हणजे माझी शुद्ध हौस. एका शोभिवंत दुकानात ‘अँटिक ब्रास’ म्हणून मांडलेली गोल कड्याची, म्हणजे कडे फिरवले की आतली पट्टी उचलणारी. दोन घेतल्या, एक दादासाठी. त्याने ती तळहातावर घेतली, दोनदा खालीवर केली आणि काही न बोलता पुडक्यात परत ठेवली. मी विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘अगं, ही पितळ नव्हे. पितळ हाताला लागते.’’ त्याचे म्हणणे तंतोतंत खरे होते. पितळेचा घन सेंटिमीटर साधारण साडेआठ ग्रॅमचा असतो, तर जस्ताच्या ज्या मिश्रधातूतून अशा शोभेच्या वस्तू ओततात तिचा साडेसहा-पावणेसात ग्रॅमचा. एवढा फरक सरावलेल्या हाताला कळतो. माझ्या हाताला तो सराव नव्हता. २०२३ मध्ये चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचे, सामान घेऊन येणाऱ्या पुतण्याने कडे फिरवले आणि ते त्याच्या हातातच आले. आतला चौकोनी दांडा भोकाशी तुटला होता, तुटलेल्या जागी करडा, खरबरीत दाणा दिसत होता आणि भोवती पांढरी भुकटी साठली होती. मुलामा बाहेरून जवळपास शाबूत होता, हे त्यातले विशेष.

चवथीच्या दिवशी फाटक सुतळीने बांधून ठेवणे शक्य नव्हते, म्हणून जवळच्या दुकानातून मिळाला तो स्टीलचा आल्ड्रॉप आणला. पाकिटावर नुसते ‘एसएस’ असे छापलेले होते, आकडा नव्हता. आठ महिन्यांत त्यावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके उठले, आणि नखाने खरवडले तेव्हा खाली खड्डे लागले. स्टेनलेस स्टीलला गंज येत नाही, ही आपली समजूत स्वयंपाकघरातल्या भांड्यांवरून आलेली आहे. ती भांडी रोज धुतली जातात; फाटकाची कडी कोणी धुवत नाही. शिवाय स्टेनलेस हे एका धातूचे नाव नसून एक मोठे कुटुंब आहे. ३०४ क्रमांकाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये निकेल थोडे जास्त आणि वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, आणि खाऱ्या हवेतल्या खड्ड्यांना अडवण्याचे काम मुख्यतः हे मॉलिब्डेनम करते. २०२ आणि त्याच्या भावंडांत महागडे निकेल बरेचसे कमी करून त्याच्या जागी मँगनीज घातलेले असते. दिसायला तिघेही सारखेच चकचकीत. लोहचुंबक लावून पाहण्याची आपली पद्धत इथे फसते, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही. चुंबक घट्ट चिकटले तर वस्तू या तिन्हींपैकी नाही एवढे कळते. चिकटले नाही म्हणून ती चांगली ठरत नाही. मोठ्या दुकानांत आणि भंगारवाल्यांकडे तपासणीच्या द्रावणाची छोटी बाटली असते, तिचा थेंब मागच्या बाजूला टाकून रंग पाहतात. तसा थेंब टाकायला दुकानदार कां कूं करू लागला तर मी पुढच्या दुकानात जाते.

तो काढलेला आल्ड्रॉप फेकला नाही. घासून-पुसून दादाने पंपघराच्या दाराला लावला, आणि तिथे तो दीड वर्ष झाले तरी नवा ठिपका न उठता चालला आहे.

मग मे २०२४ मध्ये म्हापशाहून ३०४ असे कोरलेला आल्ड्रॉप आणला, बारा मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा. धातूबद्दल त्याच्याविषयी माझी तक्रार जवळजवळ नाही. काही महिन्यांत त्यावर चहाच्या कपात राहतो तसा फिकट तपकिरी डाग आला, पण खड्डे पडले नाहीत. या डागात एक गंमत दिसली. पावसाचे थेट पाणी लागणारी बाहेरची बाजू स्वच्छ होती आणि फळीच्या आडोशाची आतली बाजू डागाळली होती. पावसाला आपण उगाच बदनाम करतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो धातूवरचे मीठ धुऊन नेतो. खरा त्रास फेब्रुवारीपासून मेपर्यंत, जेव्हा वारा मीठ आणून ठेवतो आणि धुवायला कोणी येत नाही. साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच पाझरू लागते, आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओले राहते. म्हणजे आपल्याला कोरडी वाटणारी कडी रात्रभर खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली असते. तेव्हापासून झाडांना पाणी घालताना पाइपची धार आठवड्यातून एकदा कडीवरही धरते.

या आल्ड्रॉपने दगा दिला तो वेगळ्याच कारणाने. जुलैच्या मध्याला त्याचा दांडा खांबावरच्या कोयंड्यात जाईनासा झाला. पावसात छत्री धरून मी तो दोन्ही हातांनी ढकलत होते आणि दांड्याचे टोक भोकाच्या वरच्या काठाऐवजी खालच्या काठावर आपटत होते. कडी वाकली अशी माझी खात्री झाली आणि मी मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावले. त्याने पिशवीसुद्धा उघडली नाही. फाटकाच्या मोकळ्या कोपऱ्याखाली चपलेचे टोक घातले, थोडे उचलले, आणि एका बोटाने दांडा आत सरकवला. ‘‘वहिनी, कडी बरी आहे. फाटक उतरलं आहे,’’ म्हणाला.

आम्ही दोघांनी मग पट्टी घेऊन मोजले. आमचे फाटक ९० सेंटिमीटर रुंद आहे. मेमध्ये फाटक आणि खांब यांच्यात ११ मिलिमीटर फट होती, ती जुलैत ५ वर आली होती, कारण फळ्या ओलीने आडव्या फुगल्या होत्या. आणि मोकळे टोक ७ मिलिमीटर खाली आले होते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते, हे सुताराच्या पोराला माहीत असते. बाराच्या दांड्याला तेराचे भोक असलेली कडी मात्र असे गृहीत धरते की दार आणि चौकट वर्षभर एकमेकांसमोर हललीच नाहीत. घराच्या आतल्या दाराला ते बऱ्याच अंशी खरे असते. आपल्याकडे आल्ड्रॉपांसाठी भारतीय मानक २८१ आहे आणि उभ्या टॉवर बोल्टांसाठी २०४, आणि त्या खुणेची वस्तू मापात नेटकी असते. पण इथे नेटकेपणाच आडवा येतो. दांडा भोकात जितका नेमका बसेल तितका तो पावसाळ्यात लवकर अडेल.

फाटक उतरण्याचे दुसरे कारण तिरकी पट्टी. लाकडी फाटकाला आतून जी तिरपी पट्टी मारतात तिचे खालचे टोक बिजागरीच्या बाजूला आणि वरचे टोक कडीच्या बाजूला असले पाहिजे, म्हणजे मोकळ्या टोकाचे वजन पट्टीवर दाबून खालच्या बिजागरीवर येते. आमची पट्टी नेमकी उलटी होती. लोखंडी सळई किंवा तार ओढ सोसते, तिला उलटी दिशा चालते. लाकडाची पट्टी ओढीत असली की खिळ्यांपाशी सैल होते. ती पट्टी त्याच मेस्ताने बसवली होती, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवले नाही. त्याने ती न सांगता काढली, फिरवली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर मी धातू शोधायचा थांबवून आकार शोधू लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हापशाच्या बाजारातल्या एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात सध्याची कडी सापडली. काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘‘पितळ हवं की पितळेसारखं हवं?’’ दोन्ही त्यांच्याकडे होते आणि दोन्हींचे भाव त्यांनी सांगितले. मग कानस पुढे करून पट्टीची मागची बाजू घासून पाहायला सांगितले. खऱ्या पितळेला खाली पिवळाच रंग लागतो; मुलाम्याखाली जस्त असेल तर करडा आणि लोखंड असेल तर पांढुरका चमकदार. मी साडेचौदाशे रुपये दिले, आणि पहिल्या चार कड्यांची बेरीज केली तर ती याहून बरीच जास्त भरते.

कडीचे वर्णन थोडे बारकाईने करते, कारण विकत घेताना हेच पाहायचे आहे. सोळा सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर जाड अशी पितळेची पट्टी एका टोकाला जाड खिळीवर फिरते आणि दुसऱ्या टोकाने स्वतःच्या वजनाने खाली पडते. स्प्रिंग कुठेच नाही; स्प्रिंग हा किनाऱ्यावर सर्वांत आधी मरणारा भाग असतो. खांबावर जो आकडा बसतो त्याच्या तोंडाला उतार आहे, त्यामुळे फाटक लोटले की पट्टी उतारावरून चढते आणि ‘खट्ट’ असा जड आवाज करून खोबणीत पडते. ती खोबण उभ्यात तीस मिलिमीटर खोल आहे. फाटक सात मिलिमीटर उतरले काय किंवा मेमध्ये पुन्हा वर आले काय, पट्टी थोडी वर किंवा थोडी खाली टेकते, एवढाच फरक. आडव्या अंगानेही पट्टी आकड्याच्या आत अडीच सेंटिमीटर जाते, त्यामुळे फट पाचाची असो की अकराची, ती पकड सोडत नाही. या जुलैत मी रोज सकाळी मुद्दाम पाहत होते. आकड्यावर पट्टी घासल्याची पिवळी खूण महिन्याभरात पाच-सहा मिलिमीटर खाली सरकली, आणि कडी एकदाही अडली नाही.

या कडीने माझ्याकडे एकच पावसाळा काढला आहे, हे खरे. पण घराच्या मुख्य दाराची कडी सासऱ्यांच्या लग्नाच्या वेळची, पितळेची, त्याच वाऱ्यातली आहे; ती काळी-हिरवी पडली आहे आणि झिजून गुळगुळीत झाली आहे, पण कुठे कुरतडलेली नाही. पितळेवर जो काळपट-हिरवट थर चढतो तो खालच्या धातूला बराच सांभाळतो, लोखंडाच्या गंजासारखा सुटून पडत नाही. बाहेरच्या कडीला म्हणूनच मी चकचकीत करत नाही. सासूबाईंना ते पटत नाही. चवथीआधी समया आणि तांब्यांबरोबर त्यांनी आमसुलाच्या पाण्याने ती कडीही घासली, आणि दोन आठवडे फाटक देवळासारखे दिसत होते. आंबट पाणी खिळीच्या फटीत राहू नये म्हणून मागून पाण्याची बादली मी ओतली.

पितळेत दोन दोष आहेत. एक, भंगारात भाव असल्याने ती चोरीला जाते. रस्त्याच्या कडेच्या निर्जन बागेला मी ती सुचवणार नाही, तिथे ३१६ स्टील बरे. ते नेहमीच्या दुकानात सहसा मिळत नाही, पण बोटींचे सामान विकणाऱ्यांकडे त्याच्या पट्ट्या, बोल्ट आणि आकडे मिळतात आणि रेलिंगचे काम करणारा कारागीर त्यातून अशीच पट्टीची कडी करून देऊ शकतो. करून घेताना पॉलिश आरशासारखे सांगावे. ओरखड्यांची जाळीदार फिनिश दिसायला आधुनिक असते, पण त्या ओरखड्यांत मीठ बसते. दुसरा दोष, पितळेचे स्क्रू मऊ असतात आणि सागवानात पिळताना त्यांची मान तुटते. मेस्ताची युक्ती अशी की आधी थोड्या बारीक ड्रिलने भोक पाडायचे, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून पुन्हा काढायचा, आणि मग पितळेच्या स्क्रूवर मेणबत्ती घासून तो हाताने, मशीनशिवाय, बसवायचा.

स्क्रूंबद्दल आणखी बोलायला हवे, कारण कडीचे मरण स्क्रूंपासूनही सुरू होते. पाकिटात येणारे स्क्रू बहुधा पंचवीस मिलिमीटरचे आणि कडीपेक्षा हलक्या धातूचे असतात. पितळेची किंवा स्टेनलेसची पट्टी आणि तिच्यात साधा लोखंडी स्क्रू, वर खारे पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच झाली; त्यात झिजतो तो लोखंडी स्क्रू, आणि एकट्याने झिजला असता त्याहून वेगाने झिजतो, कारण समोर चांगल्या धातूचा पृष्ठभाग मोठा आणि त्याचे डोके एवढेसे. म्हणून कडी ज्या धातूची, स्क्रूही त्याच धातूचे, हा नियम मी आता मोडत नाही. आमच्या कडीला मी मुख्य चार जागी स्क्रूऐवजी गोल डोक्याचे आरपार बोल्ट घातले आणि आतल्या बाजूला रुंद वायसर लावून नट आवळले. वर्षभर फुगून-आकसणाऱ्या लाकडात स्क्रूचे आटे हळूहळू पकड सोडतात. बोल्ट लाकडावर अवलंबून नसतो. वर त्याचे गुळगुळीत डोके बाहेरून पान्याने धरता येत नाही, हा सुरक्षेचाही भाग. भोकात बोल्ट घालण्याआधी आत थोडे जवसाचे तेल सोडले, म्हणजे कापलेले लाकूड पाणी पिणार नाही.

सावईवेऱ्याची कथा छोटी आहे. काळी कडी गेल्यावर दादाने फोंड्याच्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी पट्टी आणि आकडा करून घेतला आणि तो वितळलेल्या जस्तात बुडवून आणायला लावला. बाजारातल्या चमकदार, निळसर किंवा पिवळसर झाक असलेल्या कड्यांवर विजेने चढवलेले जस्त असते, त्याचा थर बहुधा ५ ते १० मायक्रॉनचा. बुडवून काढलेल्यावर तो ४५ मायक्रॉनच्या वर सहज जातो. दिसायला ती कडी करडी, जराशी खडबडीत, कडेला जस्ताचा एखादा थेंब गोठलेला, अशी अगदीच गरीब दिसते. दुकानात दोन शेजारी ठेवल्या तर दहांतले नऊ जण चमकदार उचलतील, मीही तेच करत आले. दादाच्या कडीने दोन पावसाळे काढले आणि फक्त पट्टी जिथे आकड्यावर आपटते तिथे जस्त घासले गेले आहे. ऐनाच्या लाकडावर लोखंडाचा काळा डाग लवकर पडतो, म्हणून त्याने मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून घातला आहे. ओबडधोबड दिसते, पण डाग नाही.

तेलाविषयी एक सांगते. आपल्याकडे कडी कुरकुरली की हात खोबरेल तेलाकडे जातो. चिऱ्याच्या दगडाची तांबडी धूळ त्या तेलात बसली की दोन महिन्यांत वाळू मिसळलेल्या चिकट लेपासारखे होते आणि खिळी झिजते. शिवाय जानेवारीच्या रात्री पारा विशीकडे उतरला की खोबरेल गोठते आणि पहाटे कडी जड होते. सुकी मेणबत्ती घासणे स्वस्त आणि पुरेसे आहे. कुलपाच्या भोकात मात्र मेण नको, तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड घालावी.

उघडी पडणारी पट्टी असल्यावर गुरांचा प्रश्न येतोच. सावईवेऱ्याला एका गाईने खालून थुंकीभरल्या नाकाड्याने पट्टी उचलून फाटक उघडायची विद्या तीन दिवसांत शिकून घेतली आणि केळीची सहा रोपे फस्त केली. उपाय सोपा निघाला: आकड्याच्या वरच्या बाजूला आधीच एक भोक असते, त्यात साखळीला लटकवलेली खिट्टी घालायची, म्हणजे पट्टी वर उचलली जात नाही. रात्री त्याच भोकात कुलूप जाते. मांद्र्याला मी दिवसा खिट्टी घालत नाही, कारण पोदेराचे दोन्ही हात मग त्या खिट्टीत अडकतात. भटकी गुरे रस्त्यावर बसून असतात, पण अजून त्यांना आमच्या फाटकाची गंमत कळलेली नाही. घरात लहान मूल आणि अंगणात उघडी विहीर असेल तर कडी नेहमीच्या कमरेच्या उंचीऐवजी फाटकाच्या वरच्या टोकाशी आणि आतल्या बाजूला लावावी. त्यासाठी कडीचा प्रकार बदलावा लागत नाही, फक्त जागा बदलते.

एका गोष्टीचे समाधान मात्र अजून झालेले नाही. दादाच्या कुळागराला ट्रॅक्टर आत घ्यायला दोन झडपांचे वेगळे मोठे फाटक आहे, आणि त्यातली एक झडप जमिनीत उतरणाऱ्या उभ्या दांड्याने अडवतात. दांडा ज्या पाइपात उतरतो तो काँक्रीटमध्ये तळ बंद करून बसवलेला होता, त्यामुळे पहिल्याच पावसात त्यात चिखल भरला आणि दांडा अर्धाच जाऊ लागला. पाइप उपटून तळ उघडा ठेवला, खाली दोन वीत खडी भरली, तेव्हापासून पाणी मुरते. पण पोफळीची पाने आणि सुपारीची साले कुजून वर साचतातच. दादा दर पंधरा दिवसांनी त्यात माडाचा हीर घालून ढवळतो. झाकणाचा तयार पाइप बाजारात मिळतो, पण आम्ही पाहिलेल्या प्रत्येक झाकणाला आत एक बारीक लोखंडी स्प्रिंग होती, म्हणून तो अजून घेतलेला नाही.